‘ताई, तुझ्यासारखी जिद्द माझ्यात नाही’

पत्र असं आलंय:

ताई, माझं वय ३९. आठवतंय तेव्हापासून मी जाडच आहे. अकरा महिन्यांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली, गुडघे दुखायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं, सेमाग्लुटाइड. ९६ किलोची मी आता ८१ वर आलेय. हे फक्त माझ्या नवऱ्याला माहितीये. बाकी सगळ्यांना मी सांगितलंय की गोड बंद केलं आणि रोज चालते. मी खरंच चालते आणि गोडही खरंच सोडलंय, पण ते तर मी आधीही चार-पाच वेळा केलं होतं आणि तेव्हा काहीच झालं नव्हतं. ऑफिसमध्ये सगळे विचारतात, कौतुक करतात. माझी नणंद मात्र एकदा जेवताना कुणाबद्दल तरी म्हणाली, “इंजेक्शनं टोचून बारीक व्हायचं, त्यात कसलं कौतुक, तोंडावर ताबा नाही म्हणून ही थेरं.” मी मान खाली घालून जेवत राहिले. आता खरी गोष्ट. माझी एक मावसबहीण आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अंगाने माझ्यासारखीच. माझं बघून ती तीन महिने रोज दोन तास चालतेय, रात्रीचं जेवण बंद केलंय, आणि उतरलेत जेमतेम दोन किलो. परवा फोनवर रडली, म्हणाली, “ताई, तुझ्यासारखी जिद्द माझ्यात नाही.” मी म्हटलं, “अगं होईल, सोडू नकोस.” फोन ठेवला आणि मला माझीच शिसारी आली. नवरा म्हणतो कुणाला काही सांगायची गरज नाही, आपलं आपल्यापाशी. मी काय करू? सगळ्यांना सांगून मोकळी होऊ? की गप्प राहू? मी खोटारडी आहे का?

*

अगं, तू मला ताई म्हटलंस म्हणून मी सरळ अगं-तुगं वर येते, चालेल ना.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर अडले. तू विचारतेयस सगळ्यांना सांगू का, पण तुला झोप लागत नाहीये ती सगळ्यांमुळे नाही, एका मुलीमुळे. ऑफिसमधल्या बायकांना तू काय सांगितलंस त्याने तुझ्या पोटात कालवाकालव होत नाहीये. ती होतेय ‘अगं होईल, सोडू नकोस’ या चार शब्दांनी. म्हणून मी ही दोन्ही प्रकरणं वेगळी करतेय, कारण एकात घालून बघितली की तुला दोनच रस्ते दिसतात, एक तर गावभर सांगायचं नाही तर जन्मभर लपवायचं, आणि दोन्ही तुला झेपणारे नाहीत.

मावसबहिणीला सांग. याच आठवड्यात. बाकी कुणाला सांगायलाच पाहिजे असं नाही, त्यावर पुढे बोलू, पण तिला सांगायलाच हवं आणि का ते नीट सांगते.

आपण काय औषध घेतो, कशासाठी घेतो, ही आपली खाजगी गोष्ट आहे आणि ती न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही. कुणी विचारलं म्हणून आपण आपली फाइल उघडून दाखवत नाही. पण तू नुसती गप्प राहिली नाहीस, तू एक उत्तर दिलंस आणि ते उत्तर अर्धं होतं, आणि त्या अर्ध्या उत्तरावर एक मुलगी गेले तीन महिने स्वतःचं शरीर घासतेय. ऑफिसमधली एखादी ‘गोड सोडलं’ हे ऐकते, ‘वा’ म्हणते आणि कामाला लागते, तिचं काही बिघडत नाही. तुझ्या बहिणीने मात्र ते ऐकून रात्रीचं ताट बाजूला सारलं. दोघींना वाक्य तेच सांगितलंस, पण एकीच्या बाबतीत त्याने इजा होतेय आणि ती इजा तुला दिसतेय, म्हणूनच तुला शिसारी आली. ती येणं चांगलं आहे गं, म्हणजे तुझं आतलं माणूस जागं आहे. तू खोटारडी नाहीयेस. घाबरून एक सोपं उत्तर दिलंस आणि ते हाताबाहेर गेलं, एवढंच झालंय, आणि ते अजून दुरुस्त करता येतं.

आता तिला काय सांगायचं त्याआधी तुला स्वतःला एक गोष्ट पटायला हवी, नाहीतर तू तिच्यासमोर गुन्हा कबूल केल्यासारखी बसशील. नणंदेचं वाक्य तुला लागलं कारण मनातून तुलाही ते थोडं खरं वाटतं. इंजेक्शन घेतलं म्हणजे आपण शॉर्टकट मारला, मेहनत न करता मार्क मिळवले. म्हणून थोडं विज्ञान सांगते, कंटाळू नकोस, यातच तुझ्या बहिणीचं उत्तर आहे.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक हार्मोन सुटतं, ते मेंदूला सांगतं की पोट भरलं, आता पुरे, आणि पोट रिकामं व्हायचा वेगही कमी करतं. हे शरीरातलं मूळ हार्मोन काही मिनिटांतच मोडून जातं. सेमाग्लुटाइड त्याच्यासारखंच काम करतं पण शरीरात टिकतं, आठवडाभराने सुद्धा त्यातलं अर्ध्याच्या आसपास उरलेलं असतं, म्हणून आठवड्यातून एकदा घेतलं तरी चालतं. तू आधी चार-पाच वेळा गोड सोडलंस तेव्हा डोक्यात दिवसभर खाण्याची भुणभुण चालू असायची की नाही, आता काय खाऊ, मघाशी खाल्लं ते चुकलं का, रात्री काय आहे? आणि आता ती बऱ्यापैकी शांत झाली असणार. हे औषध घेणारे कितीतरी लोक हेच सांगतात, की पहिल्यांदा कळलं बाकीच्या लोकांच्या डोक्यात ही भुणभुण नसते. म्हणजे इतकी वर्षं तू आणि तुझी नणंद एकाच ताटावर बसत होतात, पण तुला जे ऐकू येत होतं ते तिला येतच नव्हतं. तिला वाटतं तो तिचा ताबा आहे.

आणि आता ऐक. या औषधाची वजनासाठी जी मोठी चाचणी झाली तिचे निकाल २०२१ मध्ये छापून आले. त्यात १९६१ माणसं होती. काहींना खरं औषध दिलं, काहींना नुसतंच इंजेक्शन, आत औषध नाही, आणि कुणाला काय मिळतंय हे त्यांना माहिती नव्हतं. पण एक गोष्ट दोन्ही गटांना सारखीच दिली: खाणं कमी करायचा सल्ला, व्यायामाचा सल्ला, दर चार आठवड्यांनी समुपदेशन. ६८ आठवड्यांनी औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं होतं. दुसऱ्या गटाचं? २.४ टक्के. तुझा हिशोब कर, ९६ वरून ८१ म्हणजे साधारण साडेपंधरा टक्के, बरोब्बर त्या पहिल्या गटासारखा. आणि तुझी बहीण, जी रोज दोन तास चालतेय आणि उपाशी झोपतेय आणि जिचे दोन किलो उतरलेत, ती अगदी त्या दुसऱ्या गटासारखी आहे. तिच्यात जिद्द कमी आहे असं अजिबात नाही. तिला मिळालेल्या सल्ल्यातून साधारण जेवढं होतं तेवढं झालंय. तुला ही गोष्ट माहितीये आणि तिला नाही, आणि ती स्वतःला नालायक समजून रडतेय. म्हणून मी म्हणतेय की हे तिच्यापासून ठेवायचा हक्क तुला नाही. बाकी जगापासून ठेव.

कसं सांगायचं? मेसेजवर नको आणि व्हॉइस नोटवर तर नकोच, ते फॉरवर्ड होतात. समोर भेट, नाही जमलं तर फोन कर, पण निवांत. आणि सुरुवात स्वतःच्या अपराधापासून करू नकोस, म्हणजे ‘माझं चुकलं, मी फार वाईट आहे’ असं रडत सुरू केलंस तर तिलाच तुझी समजूत काढावी लागेल आणि मूळ मुद्दा राहून जाईल. सरळ म्हण: “तू परवा म्हणालीस ना की तुझ्यात जिद्द नाही, ते खरं नाही. मी अकरा महिने डॉक्टरांचं औषध घेतेय, त्याने माझं वजन उतरलं. चालणं आणि गोड सोडणं मी आधीही केलं होतं, तेव्हा माझंही काही उतरलं नव्हतं. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.” बस. एवढंच. मग गप्प बस आणि ती काय म्हणते ते ऐक.

ती चिडेल. बहुतेक चिडेलच. “मग तीन महिने का नाही सांगितलंस, मी वेड्यासारखी चालत होते.” त्यावर नणंद असं म्हणाली होती आणि नवरा तसं म्हणाला आणि मला भीती वाटली अशी कारणं लगेच मांडायला जाऊ नकोस. ती सगळी कारणं खरी आहेत पण त्या क्षणी तिच्या कामाची नाहीत. “हो, चुकलं माझं” म्हण आणि थांब. कदाचित दोन दिवस ती बोलणार नाही तुझ्याशी. होऊ दे. तीन महिने ती स्वतःवर चिडून होती, त्यापेक्षा दोन दिवस तुझ्यावर चिडलेली बरी.

राग उतरला की पुढचा प्रश्न येईल, आणि याची तयारी आत्ताच ठेव: “मग मलाही दे ना, तुझ्या इंजेक्शनच्या पेनातून एक डोस घेऊन बघते.” नाही म्हणजे नाही. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नसतं, रक्तातून पसरणारे आजार लागू शकतात, पेनावरच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. शिवाय हे औषध पहिल्या दिवसापासून पूर्ण डोसमध्ये देत नाहीत, ०.२५ मिलिग्रॅमने सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवत साधारण चार महिन्यांनी २.४ पर्यंत नेतात, ते यासाठी की मळमळ आणि उलट्या सोसवतील अशा राहाव्यात. आता तू ज्या डोसवर असशील तो तिने एकदम घेतला तर तिचे हाल होतील. आणि सगळ्यांना हे चालतही नाही. मेड्युलरी नावाचा थायरॉइडचा एक कॅन्सर आहे, तो स्वतःला किंवा घरात कुणाला झालेला असेल तर हे देत नाहीत. ती तुझी मावसबहीण आहे, म्हणजे आजोळ एकच, तेव्हा आजोळी कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का हे दोघींनी मिळून आईला आणि मावशीला विचारायला हरकत नाही. ती २९ ची आहे, मूल होऊ द्यायचं मनात असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. हे सगळं तिच्या डॉक्टरने तिला तपासून ठरवायचं. तू फार तर तिच्याबरोबर जा, ते खूप होईल. कदाचित डॉक्टर औषध देणारही नाहीत, आधी थायरॉइड किंवा दुसरं काही बघतील, आणि तेही ठीक आहे, कारण ती बंद दारावर डोकं आपटत बसण्यापेक्षा बरोबर दारात उभी असेल.

आता ती ही गोष्ट पोटात ठेवेल का, हा मुद्दा. इथे मी माझं एक सांगते.

मी पस्तीसची असताना मूल व्हावं म्हणून उपचार घेत होते, रोज इंजेक्शन असायचं, ती फ्रीजमध्ये ठेवावी लागायची आणि मी ती एका डब्यात, मागच्या कोपऱ्यात लपवायची. कुणी पाहुणं स्वयंपाकघरात गेलं की माझा जीव टांगणीला. शेवटी मला ते ओझं सहन होईना आणि मी एका नातेवाईक बाईंना सांगितलं. त्यांना का सांगितलं? कारण त्या त्या दिवशी समोर होत्या. बस, दुसरं काही कारण नव्हतं. आठ दिवसांत अख्ख्या घराण्याला कळलं आणि मग प्रत्येक फोनला पहिला प्रश्न, काही कळलं का. आज इतक्या वर्षांनी मागे बघताना मला सांगितल्याचा पस्तावा होत नाही. होतो तो याचा, की ओझं उतरवायच्या घाईत मी माणूस निवडलंच नाही. तू ‘सगळ्यांना सांगून मोकळी होऊ?’ असं लिहिलंस ना, तिथे मला माझाच तो दिवस आठवला. मोकळं व्हायची घाई झाली की आपण समोर येईल त्याला सांगतो, आणि एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही.

म्हणून बहिणीला सांगताना तिला विनंती जरूर कर की हे आपल्यातच ठेव, पण मनात हे धरूनच सांग की उद्या हे तुझ्या मावशीला कळू शकतं, मावशीकडून आईला. तसं झालं तर तू काय म्हणशील ते आधी ठरवून ठेव. आईला बाहेरून कळण्याआधी तूच सांगितलेलं बरं असं वाटत असेल तर त्याच दिवशी आईलाही फोन कर. ते तुझ्या आईचा स्वभाव कसा आहे त्यावर, मला तो माहिती नाही.

ऑफिसचं सोपं आहे. तिथे कुणाला काही सांगू नये असं वाटत असेल तर सांगू नकोस, फक्त ते ‘गोड सोडलं आणि चालते’ हे वाक्य आजपासून बंद कर. त्याऐवजी म्हण, “डॉक्टरांकडे जाते, त्यांच्या देखरेखीखाली चाललंय.” हे शंभर टक्के खरं आहे आणि यावर कुणी उपाशी राहणार नाही. कुणी जास्तच खोदलं, “म्हणजे नक्की काय, इंजेक्शन का?” तर “तब्येतीचं आहे गं, त्यावर नको बोलूया” म्हणून विषय बदल. लोकांना वाटतं नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागतं. नाही द्यावं लागत. पण एक कर, तिथे जर कुणी खरंच त्रासलेली दिसली, एखादी बाजूला घेऊन विचारणारी, की मी इतकं करतेय पण होत नाही, तर तिला निदान एवढं म्हण की “मला एकटीला जमलं नव्हतं, डॉक्टरांची मदत घेतली, तूही दाखवून ये.” औषधाचं नावही सांगावं लागत नाही त्यात.

आणि तुला ठाऊक असू दे की हे खोटं श्रेय अंगावर ठेवणं तुलाच पुढे जड जाणार आहे. हे औषध बंद केलं की वजन परत येऊ लागतं. त्याच चाचणीतल्या काही लोकांचं औषध थांबवून त्यांना पुढे वर्षभर पाहिलं, तर उतरलेल्या वजनातलं सरासरी दोन-तृतीयांश परत आलं होतं. उद्या काही कारणाने, तब्येतीने म्हण, खर्चाने म्हण, औषध मिळेना म्हणून म्हण, तुला ते थांबवावं लागलं आणि काटा वर जायला लागला, तर ज्यांनी ‘काय जिद्द आहे हिची’ म्हटलं तेच म्हणतील ‘सुटली हिची जिद्द’. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या प्रसिद्ध ओप्रा विन्फ्रीचं उदाहरण घे. १९८८ मध्ये तिने नुसत्या लिक्विड डाएटवर राहून वजन उतरवलं आणि उतरलेल्या वजनाएवढी चरबी, ६७ पौंड, म्हणजे साधारण ३० किलो, एका गाडीत घालून स्टेजवर ओढत आणली, सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. वजन परत आलं आणि पुढची कित्येक वर्षं तेच जग तिच्या शरीरावर बोलत राहिलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिने उघडपणे सांगितलं की आता मी वजनासाठी औषध घेते. तिने सांगितल्याने कितीतरी लोकांना धीर आला असणार, मला तरी वाचून बरं वाटलं. पण तिच्याकडे सांगायला स्टेज आहे आणि टीका झेलायला पाठबळ आहे, तू तिच्यासारखं जाहीर करायला बांधील नाहीस. तिच्याकडून एवढंच घे की टाळ्या जिद्दीला मिळाल्या की दोषही जिद्दीलाच मिळतो, तेव्हा त्या टाळ्या आत्ताच हळूहळू कमी करत आण. ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ हे वाक्य ते काम आपोआप करतं.

नणंदेचं. तिला सांगायची काही गरज मला दिसत नाही. जी व्यक्ती आधीच निकाल देऊन बसलीये तिच्यासमोर आपण आपली बाजू मांडत बसायची नसते. फक्त पुढच्या वेळी ती कुणाबद्दल असं बोलली तर मान खाली घालून जेवू नकोस. स्वतःचं नाव न घेता म्हणता येतं, “अहो ताई, बीपीची गोळी घेणाऱ्याला आपण आळशी म्हणतो का? हाही आजारच आहे.” आणि आजार हा शब्द मी उगाच वापरत नाहीये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्येच लठ्ठपणा हा आजार आहे असं अधिकृतपणे मान्य केलंय, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये जगातल्या दर आठ माणसांमागे एकजण लठ्ठपणा घेऊन जगत होता. एवढ्या सगळ्यांच्या तोंडावर ताबा नाही असं म्हणायचं का? तू तेवढं एक वाक्य बोललीस ना, तर बघ, तुझी स्वतःबद्दलची लाज अर्धी तिथेच गळून पडेल. आपल्यासारख्या कुणाची तरी बाजू घेताना आपण आपलीच घेत असतो.

नवऱ्याबद्दल दोन शब्द. तो ‘आपलं आपल्यापाशी’ म्हणतो ते तुला जपायला म्हणतोय की त्यालाच लाज वाटते, हे तुला माहिती असेल, मला पत्रावरून कळलं नाही. तुला जपायला असेल तर त्याला सांग की मी फक्त बहिणीला सांगतेय आणि का. आणि त्याला लाज वाटत असेल तर ते एकदा बसून बोला, कारण घरात तूच एक पेन लपवून ठेवतेयस असं होता कामा नये. पण परवानगी मागू नकोस. शरीर तुझं आहे आणि चूक दुरुस्त करायची आहे तीही तुझी.

त्याला माहितीये हे मात्र फार चांगलं आहे. काही माणसांना हे माहिती असणं आवडी-निवडीचा भाग नाही, सुरक्षेचा आहे, आणि लपवण्याच्या सवयीत लोक नेमके तिथेही लपवतात म्हणून सांगते. घरातल्या निदान एका माणसाला औषधाचं नाव, डोस, वार माहिती हवा. पोटात असह्य दुखून उलट्या व्हायला लागल्या तर तो दवाखान्यात सांगू शकला पाहिजे, कारण स्वादुपिंडाला सूज आणि पित्ताशयातले खडे हे या औषधाबरोबर क्वचित पण होतात. कुठलंही ऑपरेशन, एंडोस्कोपी, अगदी दाताचं काम भूल देऊन होणार असेल तरी भूलतज्ज्ञाला आधी सांगायचंच, फॉर्मवर रकाना नसला तरी. पोट हळू रिकामं होतं ना, म्हणजे नेहमीसारखं उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि भुलीत ते फुफ्फुसात जाऊ शकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये याबद्दल खास सूचना काढल्या होत्या. शुगरची दुसरी औषधं चालू असतील, विशेषतः इन्सुलिन, तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून ती देणाऱ्या डॉक्टरलाही हे माहिती पाहिजे. आणि कधी तुमच्या डॉक्टरांनी तुला टिरझेपाटाइड या दुसऱ्या, अशाच इंजेक्शनवर नेलं तर गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो, सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढल्यावर पुढचे चार आठवडे दुसरी काळजी घ्यावी लागते, तेव्हा गोळ्या घेत असशील तर तेही डॉक्टरांना आपणहून सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. या लोकांपुढे लाज नको, हे तुझ्याबद्दल मत बनवायला बसलेले नसतात.

बाकी राहिल्या मैत्रिणी, शेजारी, वर्षातून एकदा भेटणारे. त्यांच्यासाठी नियम नाही. कधी एखादीला सांगावंसं वाटेल, सांग. आज नको वाटतं आणि वर्षाने वाटेल, तेव्हा सांग. मी त्या माझ्या दिवसानंतर एक पाळते, सांगायच्या आधी एक रात्र जाऊ देते, सकाळी उठून त्याच माणसाला सांगावंसं वाटलं तर सांगते. पण हे तुझ्या बहिणीला लावू नकोस, तिच्या बाबतीत अशा नव्वद रात्री आधीच गेल्यात.

तिला भेटायला जाशील ना, तर संध्याकाळी लवकर जा. रात्रीच्या जेवणाच्या आधी. आणि सगळं बोलून झाल्यावर, ती चिडलेली असली तरी, तिच्याबरोबर जेवायला बस.